माझ्या मॅट्रिकचं गाऱ्हाणं

भिकूकाकांचा सॅक्सोफोन तुम्ही ऐकलेला आहे. तो त्यांचा होता हे तुम्हाला ठाऊक नसेल, इतकंच. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसली की, केस कापायच्या दुकानात, इराण्याच्या हॉटेलात, जिथं म्हणून सिनेमातली गाणी शब्दांशिवाय वाजायची तिथं बऱ्याचदा तेच वाजवत असायचे. त्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचा फोटो असे. पांढरा कोट, गळ्यात बो, केस चापून बसवलेले, आणि खाली नाव ‘मिकी’. हे बारसं हॉटेलच्या मालकानं केलेलं. भिकाजी नावाच्या माणसाच्या जाझवर साहेबलोक नाचणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. आमच्या लालबागच्या चाळीत मात्र त्यांना मिकी म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण काकी लाटणं घेऊन बाहेर आली असती. तर त्या फोटोवाल्या रेकॉर्डींबद्दल मला काही म्हणायचं नाही. गोड आहेत. माझ्या जिभेला जरा जास्तच गोड लागतात, पण त्यांनी काकांचं घर चालवलं. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दोन रेकॉर्डींबद्दल. त्यांच्यावर काकांचा फोटो नाही, नाव नाही, सात जणांच्या एका वाद्यवृंदाचं कंपनीनं ठेवलेलं कसलंसं इंग्रजी नाव आहे. त्या फारशा कुणी घेतल्या नाहीत. त्या माझ्यामुळे झाल्या, आणि हे मी मिरवण्यासाठी लिहीत नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली, आत मोरी, बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी. बाबा गिरणीत मागावर होते. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि त्याहून कमी ते बोलायचे. घरातलं बोलण्याचं काम आईकडे होतं आणि ते ती बाबांच्या वाट्यासकट करायची. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आमच्याकडे उकड्या तांदळाच्या पेजेचा वास सुटायचा, शेजारून काकीच्या पाट्यावर खोबरं वाटल्याचा घसाघसा आवाज यायचा, आणि त्या दोन्हींच्या मधून भिकूकाकांचा पहिला सूर निघायचा. आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत म्हणजे लाकडी फळ्यांचं पार्टिशन. त्याच्या एका फटीतून काकी आईला विरजण मागत असे. अशा भिंतीपलीकडे सॅक्सोफोन म्हणजे तो आमच्याच घरात वाजल्यासारखा.

काका मूळचे आमच्याच गावचे, फक्त वाडी वेगळी. त्यांचे वडील देवळात सनई वाजवायचे. मुंबईत आल्यावर काका आधी लग्नाच्या ब्रास बँडमध्ये शिरले, तिथं क्लॅरिनेट हातात आलं, मग सॅक्सोफोन, आणि मग चर्चगेटकडच्या एका हॉटेलात रात्रीची नोकरी. मी शाळेत वरच्या वर्गात गेले त्या सुमारास हॉटेलवाल्यानं रेकॉर्ड वाजवायचं नवं यंत्र घेतलं आणि बँडला नारळ दिला. तेव्हापासून काका घरी असायचे. लग्नसराईत लग्नं, अधूनमधून सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मागच्या रांगेतली खुर्ची, आणि बाकीचा वेळ रियाज. पहाटे एकेक लांब सूर. भरून घेतलेला श्वास संपेस्तोवर एकच सूर, हलू न देता. मी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांच्याबरोबर श्वास धरायची आणि दर वेळी हरायची. संध्याकाळी मात्र त्यांच्या स्वतःच्या चाली. त्यांत दशावतारातलं काही असे, सनईचं काही असे, आणि हॉटेलात शिकलेलं जाझ असे, आणि ते सगळं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखं चालायचं. चाळीतली रात्रपाळीची माणसं दुपारी या आवाजात खुशाल घोरत पडलेली असत. मागांच्या आवाजात उभं राहणाऱ्याला सॅक्सोफोन म्हणजे अंगाईच.

मीही त्याच आवाजात वाढले. इतिहासाची पानं मी त्यांच्या संध्याकाळच्या चालींवर पाठ करायची. अमुक लढाई कुठं झाली ते आठवत नसलं तर ती कोणत्या चालीवर वाचली होती ते आठवायचं, आणि मागोमाग लढाई यायची. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. अभ्यास असा करतात हे सांगायलाच लाज वाटायची.

मी अकरावीत गेले आणि चाळीत एकदम माझं वजन वाढलं. अकरावीला सगळे मॅट्रिकच म्हणत, आणि आमच्या चाळीतून मॅट्रिकला बसणारी मी पहिली मुलगी. नळावर बायका मला पुढं जाऊ देऊ लागल्या. आईला या मानाची इतकी धास्ती बसली की दिवाळी झाल्याबरोबर ती फटीतून न बोलता दारातून रीतसर काकांकडे गेली. ‘भावोजी, संध्याकाळचं जरा हळू वाजवाल का? पोरीचा अभ्यास असतो.’ इतकंच तिनं मागितलं होतं. संध्याकाळचं, आणि तेही हळू. पुढं सगळा जन्म ती हे दोन शब्द स्वतःला ऐकवत राहिली.

काकांनी मन मोठं केलं. माझं दुर्दैव असं की आमच्या माणसांना मन थोडंसं मोठं करता येत नाही. ‘वैनी, हळू कित्याक? चेडवाक शिकूक व्हया. बंदच ठेवतंय,’ ते म्हणाले. चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. आई नको नको म्हणत परत आली, पण येताना तिचा चेहरा फुलला होता. त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या परीक्षेसाठी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

कोकणातल्या माणसाला देवाकडे काही मागायचं असलं की तो गाऱ्हाणं घालतो. समोर नारळ ठेवायचा, जाणत्या माणसानं देवाला हाक मारून मोठ्यानं मागायचं, आणि भोवती जमलेल्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. इतक्या साक्षीदारांसमोर देवाची पंचाईत होते आणि मागणाऱ्याचीही. आमचे मुके बाबा फक्त गाऱ्हाण्याला बोलायचे, आणि मग असे बोलायचे की खालच्या मजल्यावर भांडी वाजावीत. त्या संध्याकाळी सगळा मजला आमच्या दारात जमला होता. बाबांनी डोळे मिटले. ‘बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्या चेडू मॅट्रिकाक बसता हा, तेका यश दी रे म्हाराजा!’ ‘होय म्हाराजा!’ ‘काय वाकडा-नाकडा असात ता दूर कर रे म्हाराजा!’ ‘होय म्हाराजा!’ एवढ्यात मागून भिकूकाका पुढं झाले आणि बाबांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, ‘माझापण घाल.’ बाबांनी घातलं. ‘आणि ह्या चेडवाची परीक्षा होयपर्यंत ह्यो भिकाजी आपल्या वाद्याक तोंड लावचो नाय, ह्यो तेचो बोल आसा रे म्हाराजा!’ सगळ्यांनी छातीत हवा भरून होकार दिला. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मला वाटलं होतं, माझंच गाऱ्हाणं आहे, तर मी कमी का पडावं?

आणि मग चाळ गप्प झाली. एकट्या काकांनी कळ सोसायची आणि बाकीच्यांनी मजा करायची हे कुणाला बरं दिसेना. कॅरम बंद झाला. रेडिओ उशीखाली गेले. शनिवारचं भजन पलीकडच्या चाळीनं आपल्याकडे घेतलं. पोरांना धपाटे घालायचे तेसुद्धा आवाज होऊ नये म्हणून चिमट्यांवर आले. माणसं माझ्या दारावरून चवड्यांवर चालत जायची आणि एकमेकांना कुजबुजत सांगायची, ‘श्श, वाचतेय ती.’ तुम्ही कधी पन्नास माणसांच्या कुजबुजीत बीजगणित केलं आहे का? गोंगाटाकडे दुर्लक्ष करता येतं, कुजबुज कान ओढून ऐकायला लावते. नळ ठिबकायचा तो ऐकू यायचा. काकीनं पातेल्यावर झाकण ठेवलं की कोणतं पातेलं ते कळायचं. पुस्तकातलं अक्षर डोळ्यांपुढं असायचं आणि आत जायचंच नाही. संध्याकाळ झाली की पार्टिशनकडे माझे कान लागत आणि तिथून काही येत नसे. मी एकदा आईला भीतभीत सांगितलं, ‘आई, काका वाजवायचे तेव्हाच माझा अभ्यास व्हायचा गं.’ आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. ‘मेले, हे बाहेर बोलू नकोस. अख्खी चाळ तोंड दाबून बसलीय आणि हिला बाजा पाहिजे!’ तिचंही खरंच होतं. मी नंतर बोलले नाही.

नाताळाच्या सुमारास काका पेढे घेऊन आले. एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबानं त्यांना हॉटेलात ऐकलेलं होतं. त्याला काकांच्या स्वतःच्या चालींची रेकॉर्ड काढायची होती. सिनेमाचं गाणं नाही, मागच्या रांगेतली खुर्ची नाही. त्यांच्या चाली, त्यांचा सॅक्सोफोन, वेष्टनावर त्यांचं नाव, आणि तेही ‘भिकाजी’ असंच घालायचं, मिकी नव्हे, अशी अट काकांनी घातली होती आणि साहेबानं ती मानली होती. रेकॉर्डिंग माझा शेवटचा पेपर झाल्यानंतरच्या आठवड्यात. काकीनं त्या दिवशी ओलं खोबरं घालून घावणे केले आणि आमच्याकडे ताट पाठवलं. आमच्याकडे आनंदानं जेवणं झाली. मग आईच्या ध्यानात आलं की रेकॉर्डिंगला आठवडा उरेपर्यंत काकांना वाजवता येणार नाही, आणि तिचा घास हातातच राहिला.

सॅक्सोफोन फुंकला की वाजतो असं आपल्याला वाटतं. तो ओठांवर वाजतो. ओठांच्या कडा रोज राबल्या नाहीत तर आखाडा सोडलेल्या पैलवानासारख्या सैल पडतात. हे मला पुढं कळलं, पण काकीला तेव्हाच माहीत होतं. ती पार्टिशनपलीकडे काकांशी भांडायची ते आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं, कारण चाळीत दुसरा आवाजच नव्हता. ‘देवान सांगल्यान नव्हता, तुमीच सांगलास. नारळ फोडून मोकळे व्हा आणि वाजवा.’ काका उठून गॅलरीत जायचे. शेवटी आई स्वतः गेली, मला बरोबर घेऊन. ‘भावोजी, माझ्या गळ्याची शपथ, काढा वाद्य. पोरीचा अभ्यास होईल.’ काका खाली बघत म्हणाले, ‘वैनी, बोल तिच्या नावावर हा. मी मोडलंय तर भोगतला कोण? मी नाय. चेडू भोगतला.’

आईनं माझ्याकडे बघितलं. तिनं पुन्हा आग्रह करायला हवा होता, आणि मी म्हणायला हवं होतं की काका, मला वाजवलेलंच हवंय. दोघींनाही त्या क्षणी गणिताचा पेपर दिसत होता. नापास झाले तर बोल मोडल्यामुळे झाले असं आयुष्यभर वाटत राहणार, याची भीती वाटली. आम्ही चहा पिऊन परत आलो. आज इतक्या वर्षांनी मला देवाधर्माचं फारसं काही वाटत नाही, गणपतीला नमस्कार करते तोही सवयीनं. पण तेव्हाची आमची भीती खोटी नव्हती, आणि ती काकांच्या जिवावर आम्ही बाळगली.

काकांनी एक पळवाट काढली होती. बोल तोंडाचा होता, बोटांचा नव्हता. ते गॅलरीत काकीचं लाटणं घेऊन बसायचे आणि त्यावर बोटं चालवायचे, डोळे मिटून, तासन्‌तास. ‘बोटांनी चपात्यो लाटूक होयत काय आमका?’ काकी विचारायची. समोर पुस्तक धरून मी त्या बोटांकडे बघत राहायची. कोणती चाल चालू आहे ते मला बोटांवरून ओळखू येऊ लागलं होतं. मला वाटतं, त्या हिवाळ्यात माझा जो काही अभ्यास झाला तो तेवढ्या वेळात झाला.

शेवटचा पेपर देऊन आले तर सगळा मजला गॅलरीत उभा. काकांनी पेटी उघडली, वाद्याच्या तोंडाशी बसते ती वेताची पट्टी, रीड, तोंडात ओली केली, गळ्यात पट्टा घातला. पहिला सूर फाटला. पोरं हसली, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकाही हसले. दुसरा लागला आणि मध्येच खाली बसला. लांब सूर धरायला गेले तर ओठाच्या कोपऱ्यातून हवा सुटली. लोकांना वाटलं, वाद्य गंजलं असेल. काकी आत निघून गेली आणि पाट्यावर काहीतरी वाटू लागली.

रेकॉर्डिंगला काका मला घेऊन गेले. ‘चल गो, आता सुटी हा तुका,’ म्हणाले. मला नको म्हणता आलं नाही. दादरला एका बंगल्याच्या मागच्या अंगाला स्टुडिओ होता. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, मध्ये मायक्रोफोन, आणि काचेच्या पलीकडे कंपनीचे साहेब. त्यांच्याशेजारी मला स्टुलावर बसवलं आणि कुणीतरी चहा आणि खारी आणून दिली. आत साथीला सहा जण होते. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, आणखी कोण कोण. काका मायक्रोफोनसमोर उभे राहिले. पहिली चाल त्यांनी सुरू केली, ती मी ओळखली, इतिहासाची होती. ती उंच सुराशी आली आणि तुटली. पुन्हा. पुन्हा तुटली. साहेब चांगले होते, ओरडले नाहीत, फक्त एकदा घड्याळाकडे बघितलं. काकांनी रुमालानं तोंड पुसलं तेव्हा त्यावर लाल उमटलं. मी खारी खात होते. चांगली होती, ताजी, आणि मी ती दोन्ही हातांनी धरून खात होते, आणि त्या रुमालाकडे बघून उरलेली खारी मी बशीत ठेवून दिली.

मग काकांनी पट्टा गळ्यातून काढला आणि खाली जाजमावर मांडी घातली. साथीदारांना जवळ बोलावलं. मला काचेआडून ऐकू येत नव्हतं, बाहेरच्या एका कर्ण्यातून येत होतं. ते त्यांना आपली चाल गाऊन दाखवत होते. हा तुकडा तू वाजव, असं ट्रम्पेटवाल्याला. इथून तू उचल, असं व्हायोलिनवाल्याला. उंच जागा त्यांनी एकेक करून वाटून टाकल्या. घरातली भांडी भावांत वाटावीत तशा, भांडण न करता. स्वतःकडे खालचे, मधले सूर ठेवले, सैल ओठांना झेपतील असे. आणि उठून मायक्रोफोनपासून मागं, पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. साहेबांनी बटण दाबून विचारलं, ‘मग भिकाजी, नाव तुमचं एकट्याचं कसं टाकायचं?’ काकांनी मान हलवली. ‘मंडळीचा टाका,’ म्हणाले.

दोन रेकॉर्ड निघाल्या. मी पास झाले. कडेकडेनं, गणितात जेमतेम, पण पास. चाळीनं पेढे वाटले आणि रेडिओ उशीखालून बाहेर आले. काकांचे ओठ पावसाळ्यापर्यंत पुन्हा वळणावर आले, पण त्याआधीच संधी निघून गेली होती. कंपनीनं त्या रेकॉर्ड खपल्या नाहीत म्हणून पुढं त्यांच्या चाली घ्यायचं नाव काढलं नाही. सिनेमाची गाणी वाजवाल का, असं विचारलं, आणि काका पुन्हा मिकी झाले. आई मरेपर्यंत दर रविवारी काकांकडे मासे पाठवत होती. सुरमई असली तर मधली तुकडी तिकडे, डोकं-शेपूट आमच्याकडे. काकी ताट ठेवून घ्यायची, धुऊन परत करायची, आणि आईशी त्यानंतर कामापुरतंच बोलली. पार्टिशनची ती फट काकांनी पुट्टी लावून बुजवली की काकीनं, ते मला माहीत नाही.

मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, अँटॉप हिलच्या वसाहतीत घर मिळालं. चाळीत जाणं सणासुदीपुरतं उरलं आणि मग तेही गेलं, कारण चाळ पाडून टॉवर उभा राहिला. त्या रेकॉर्ड मात्र माझ्याकडे होत्या, एकेकच प्रत, आणि वर्षानुवर्षं मी त्या लावल्या नाहीत. हात जात नसे. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं मोबाइलवर कसलं तरी गाणं लावलं आणि मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. कुणा शौकिनानं त्या जुन्या तबकड्या शोधून इंटरनेटवर टाकल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि पहिल्यांदा त्या नीट ऐकल्या, आधी हुंदके देत आणि मग, देवाशप्पथ सांगते, हरखून.

कारण त्या विलक्षण आहेत. एका चालीत ट्रम्पेट काहीतरी विचारतं, व्हायोलिन त्याला अर्धंच उत्तर देतं, क्लॅरिनेट ते उत्तर उचलून भलतीकडे नेतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आता हे सगळं विस्कटणार. तेवढ्यात खालून एक जाड, उबदार सूर येतो आणि सगळ्यांच्या पाठीशी उभा राहतो. तो काकांचा. पोवाड्यात शाहीर पुढं गातो आणि मागचे झीलकरी त्याची ओळ खाली पडू देत नाहीत, तसं ते सहा शाहिरांना झील देत आहेत. कुठंही पुढं येत नाहीत, आणि त्यांना बाजूला काढलं तर त्यात काही उरत नाही. मधल्या एका जागी सगळे थांबतात आणि फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो, मग पुन्हा सगळे एकदम. लग्नाच्या हॉलमधल्या त्या सगळ्या गोड रेकॉर्डी या एका श्वासावरून मी ओवाळून टाकीन. एकटा माणूस असं वाजवूच शकत नाही. ज्याला सगळं एकट्यानं वाजवायचं होतं आणि वाजवता आलं नाही, त्यालाच हे सुचलं.

काका तेव्हा शीवला मुलीकडे राहत होते. नव्वदी गाठलेली, दृष्टी गेलेली, कान मात्र शाबूत. मी मोबाइल घेऊन गेले. त्यांना हे ऐकवायचं, ते किती मोठं काम आहे ते सांगायचं, आणि त्याहून एक गोष्ट सांगायची मनाशी ठरवून गेले होते. काका, तुम्ही गप्प बसायची काही गरज नव्हती, मला तुमच्या आवाजाशिवाय अभ्यास करताच येत नव्हता, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं, मला माफ करा. हे ओझं मी किती वर्षं वागवणार? काकी खाटेच्या पायथ्याशी लसूण सोलत बसली होती. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली आणि पुन्हा लसणीत बघितलं.

काकांनी मोबाइल कानाशी धरून ऐकलं. त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. संपल्यावर मी म्हटलं, ‘काका, असं कुणी वाजवलं नाही हो. तुमच्या सगळ्या रेकॉर्डींत ही सोनं आहे.’ ते हसले. ‘ह्या रेकॉर्डीचा काय घेऊन बसलंस? ह्या नाय माझा सोना.’ आणि हात पुढं करून माझा हात चाचपडत शोधला. ‘ह्या. सायबीण झालंस, पोरांक शिकवलंस. मी सगळ्यांका सांगतंय, चेडवान मॅट्रिक केल्यान त्यात माझोपण वाटो हा.’ मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ‘झालो ना गो तेव्हा अभ्यास? मी गप रवलंय तेचो उपेग झालो ना?’

इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बाहेर काढलं असतं तर मी हलकी झाले असते, आणि त्यांच्या हातात काय उरलं असतं? मालवणी मला आता सफाईनं येत नाही, पण मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, ‘झालो, काका. तुमी गप रवलास म्हणानच झालो.’ त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला, आणि माझा हात थोपटत राहिले.

निघताना काकी दारापर्यंत आली. ती मला कधी पोचवायला येत नसे. मी चपला घालत होते. ‘खोटा बोललंस,’ ती म्हणाली. ‘माका तेव्हाच ठावक होता. पुस्तक धरून लाटण्याकडे बघीत बसायचंस.’ तिनं माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला. ‘बरा केलंस,’ म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काका त्या हिवाळ्यात गेले. मला वाटलं होतं, काकीच्या त्या दोन शब्दांनी माझं मन शांत होईल. तसं झालं नाही, आणि कारण मला ठाऊक आहे. मी आता रोज संध्याकाळी त्या रेकॉर्ड लावते. त्या वर्षी मी तोंड उघडलं असतं तर काकांचे ओठ शाबूत राहिले असते, उंच सूर तुटला नसता, आणि वेष्टनावर ‘भिकाजी’ लिहिलेली एक रेकॉर्ड जगात असती. मग सात जणांची ही रेकॉर्ड नसती. या दोहोंतली कोणती हवी होती, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि काकांच्या आठवणीनं डोळे भरलेले असतानाही आतून दर वेळी उत्तर येतं, हीच.